आधी पाय, मग डोळे, मग कान

बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवर ‘आऊट की सेफ’ हे ठरवणाऱ्या पंचाची गोष्ट

बोरगाव म्हटले की आपल्याकडच्या माणसाला निपाणी तालुक्यातले बोरगाव आठवते. पण याच नावाचे एक गाव थेट मध्य प्रदेशात, नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, सौसर तालुक्यात आहे. तिथली औद्योगिक वसाहत आणि रेमंडचा कापड कारखाना यांमुळे ते ओळखले जाते. आजूबाजूचा सगळा मुलूख संत्र्यांचा. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा वेगळा निघाला आणि सौसर व पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुके त्यात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तर तो भाग मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आपल्या घरांत जशा मराठी आणि कन्नड शेजारीशेजारी नांदतात, तशा तिकडच्या घरांत मराठी आणि हिंदी.

त्या बोरगावला आमची बहीण दिलेली आहे. तिचा मुलगा नववीत शिकतो. शाळेत वर्गावर्गांचे सॉफ्टबॉलचे सामने ठरले आणि सरांनी त्याला बेसवरचा पंच म्हणून उभे राहायला सांगितले. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचीच धाकटी बहीण. पोराने नियम पाठ केले, खुणा आरशासमोर करून पाहिल्या आणि मग मला फोन लावला. म्हणाला, “मामा, ते आऊट-सेफ सगळं समजलं. पण उभं कुठं राहाचं?”

‘राहाचं’ हे त्याचे नागपुरी वळण. हाच प्रश्न निपाणीकडच्या बोरगावातल्या मुलाने ‘एल्ली निंद्रबेकु?’ असा विचारला असता. भाषा कोणतीही असो, पंचगिरीतला पहिला प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक प्रेक्षकांना तो कधी पडतच नाही. पंचाची नजर तीक्ष्ण हवी, असे आपण सहज बोलून जातो. पण नजर कितीही तीक्ष्ण असली तरी पाय चुकीच्या जागी असतील तर तिचा उपयोग नाही. भाच्याला लक्षात राहावे म्हणून मी एक क्रम सांगितला : आधी पाय, मग डोळे, मग कान. आपल्या वाचकांना तो कन्नडमध्ये आणखी सोपा जाईल : कालु, कण्णु, किवी. तिन्ही ‘क’चेच!

खेळ थोडक्यात

क्रिकेट आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्याच्याच आधाराने बेसबॉल समजून घेऊ. मैदानाच्या एका टोकाला फलंदाज उभा राहतो, त्या जागेला होम प्लेट म्हणतात. तिथून पुढे पतंगाच्या आकारात तीन बेस असतात : पहिला, दुसरा आणि तिसरा. प्रत्येक दोन ठिकाणांमधले अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. सॉफ्टबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट असते. फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला की त्याला पहिल्या बेसकडे धावावे लागते. तेवढ्यात क्षेत्ररक्षक चेंडू उचलतो आणि पहिल्या बेसवरच्या साथीदाराकडे फेकतो. त्या साथीदाराचा एक पाय बेसला टेकलेला असतो. चेंडू त्याच्या हातमोज्यात नीट बसेपर्यंत धावपटूचा पाय बेसला लागला नसेल तर तो आऊट, आधी लागला असेल तर सेफ. धावपटूला चेंडू लावण्याचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटूला थांबावे लागते, तो बेस सोडून पुढे गेला तर बाद होऊ शकतो. पहिल्या बेसवर मात्र फलंदाजाला सरळ पुढे धावत जायची मुभा असते. त्यामुळे तो वेग कमी न करता, जिवाच्या आकांताने बेस तुडवत पुढे जातो. एकीकडून पाय येतो, दुसरीकडून चेंडू येतो आणि दोघांमधला फरक पुष्कळदा सेकंदाच्या काही शतांशांइतका असतो. पहिल्या बेसवरचा पंच हा फरक मोजायला उभा असतो, आणि हातात घड्याळ नसते!

क्रिकेटमधल्या धावबादशी याचे नाते अगदी जवळचे आहे. तिथे पंचाने रेघ आणि यष्टी पाहायची, इथे पंचाने बेस आणि हातमोजा पाहायचा. दोन ठिकाणी घडणाऱ्या दोन गोष्टींमध्ये आधी कोणती घडली, हे सांगायचे असते.

कालु : पाय कुठे हवेत?

अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक सामन्यांत चार पंच असतात, हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत सहा. आपल्याकडच्या शालेय सामन्यांना चार पंच कुठून आणायचे? तिथे दोन पंचांची पद्धत कामी येते. एक होम प्लेटच्या मागे, दुसरा बेसवर. बेसवर कोणी धावपटू नसेल तेव्हा हा दुसरा पंच पहिल्या बेसच्या बाजूला, क्षेत्ररक्षकाच्या मागे दहाबारा फुटांवर उभा राहतो. दोन्ही पाय मैदानाच्या हद्दीच्या रेषेबाहेर ठेवतो, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हेही त्याला दिसते. या जागेला पंचांच्या भाषेत ‘ए’ म्हणतात.

पण ही झाली सुरुवातीची जागा. फलंदाजाने जमिनीलगत फटका मारला आणि चेंडू दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला की पंच चटकन आत, खेळाच्या हद्दीत येतो. बेसपासून साधारण १५ ते १८ फुटांवर, फेक ज्या दिशेने येणार तिच्याशी काटकोन साधेल अशा ठिकाणी. या काटकोनात सगळे मर्म आहे.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. काटा मध्यावर आहे का, हे समोरून पाहावे लागते. कडेला उभे राहून पाहिले तर काटा सरकल्यासारखा दिसतो आणि दुकानदाराशी उगाच वाद होतो. पंचाचेही तसेच आहे. चेंडू पंचाच्या तोंडावर किंवा पाठीमागून येत असेल तर तो हातमोज्यात शिरला की अजून हातभर दूर आहे, हे कळत नाही. धावपटूच्या मागे उभे राहिले तर त्याचा पाय बेसला लागला की अजून हवेत आहे, हे कळत नाही. बाजूने पाहिले की मधली फट दिसते. निर्णय त्या फटीवर अवलंबून असतो.

जितके जवळ तितके चांगले, असे मुलांना वाटते. ते खरे नाही. पाचसहा फुटांवर उभे राहिले तर बेस पायाशी आणि हातमोजा डोक्याच्या उंचीवर. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत, मान वरखाली करावी लागते आणि तेवढ्यात क्षण निघून जातो. फार दूर राहिले तर बारकावा हरवतो. म्हणून ते १५ ते १८ फूट.

चेंडू जर दुसऱ्या बेसच्या अलीकडे, पंचाच्या बाजूलाच गेला असेल तर मात्र धावत आत जाऊ नये. फेक येण्याच्या वाटेत पंच स्वतःच अडथळा होईल. तिथे एकदोन पावले सरकून वाट मोकळी ठेवायची आणि मिळेल तेवढा चांगला कोन घ्यायचा.

बेसवर आधीच कोणी धावपटू असेल तर पंच आत, पिचरच्या मागे उभा राहतो. धावपटू कोणत्या बेसवर आहे त्यावरून ‘बी’ किंवा ‘सी’ ही जागा ठरते. तिथून पहिल्या बेसवरचा निर्णय अवघड होतो, कारण कधी कधी आधी दुसऱ्या बेसवर एक गडी बाद होतो आणि लगेच फेक पहिल्या बेसकडे जाते. पंचाने दुसऱ्या बेसचा निर्णय देत देतच चेंडूबरोबर वळायचे, पहिल्या बेसच्या दिशेने दोनचार पावले टाकायची आणि थांबायचे. अंतर हवे तेवढे कमी होत नाही, पण कोन साधता येतो. अंतर सुटले तर चालेल, कोन सुटू देऊ नये, असे पंचांना शिकवतात ते याचसाठी.

आणि शेवटी थांबायचे. ही गोष्ट नवशिक्या पंचाला सर्वात कठीण जाते. चालत्या एसटीतून मोबाइलवर फोटो काढला तर तो हलतो. धावत्या माणसाच्या डोळ्यांचेही तसेच. फेक बेसपाशी पोचण्याआधी पंचाचे पाय जमिनीत रोवलेले हवेत, मग भले तो ठरलेल्या जागेपासून दोन पावले अलीकडे असला तरी चालेल. चुकीच्या पण स्थिर जागेवरून दिलेला निर्णय, धावता धावता दिलेल्या निर्णयापेक्षा बहुधा बरा ठरतो.

कण्णु : डोळ्यांनी काय पाहायचे?

प्रेक्षक चेंडूकडे पाहत असतो. पंचाने चेंडूकडे पाहायचे ते फक्त सुरुवातीला. क्षेत्ररक्षकाच्या हातातून चेंडू सुटताना पंच तो पाहतो. फेक सरळ आहे की भरकटलेली, हे पहिल्या काही फुटांतच कळते. फेक सरळ आहे एवढे कळले की पंच चेंडू सोडून देतो आणि नजर बेसवर नेऊन ठेवतो. आता त्याला दोन पाय पाहायचे असतात : क्षेत्ररक्षकाचा बेसला टेकलेला आणि धावपटूचा बेसवर येणारा.

सॉफ्टबॉलमध्ये इथे एक सोय आहे. पहिला बेस दुहेरी असतो. आतला अर्धा पांढरा, बाहेरचा अर्धा नारिंगी. पांढरा क्षेत्ररक्षकासाठी, नारिंगी धावपटूसाठी. दोघांची टक्कर होऊन पाय मुरगळू नयेत हा मूळ हेतू. पण पंचालाही त्यातून दोन पाय वेगवेगळे दिसतात. संत्र्यांच्या मुलखातल्या माझ्या भाच्याला हा नारिंगी बेस फार आवडला, हे सांगायला नको.

फेक भरकटलेली दिसली तर गणित बदलते. क्षेत्ररक्षक चेंडू घेण्यासाठी ताणला जातो आणि त्याचा पाय बेसवरून सुटतो. किंवा तो चेंडू घेऊन धावपटूला स्पर्श करायला झेपावतो. अशा वेळी पंचाने जागच्या जागी न राहता एखादे पाऊल सरकून ती बाजू पाहायची. तरीही दिसले नाही तर होम प्लेटवरचा पंच मदतीला असतो. बेसवर इतर धावपटू नसतील तर तो फलंदाजाच्या मागोमाग पहिल्या बेसकडे थोडा धावत येतो. त्याला समोरून दिसते, पाय सुटला का, स्पर्श झाला का. त्याला विचारण्यात कमीपणा नाही. मात्र विचारायचे ते आपल्याला न दिसलेल्या गोष्टीबद्दल. आपल्याला दिसलेला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्यासाठी नाही.

किवी : कान कशाला?

आता सर्वात गमतीचा भाग. नजर बेसवर खिळलेली असेल तर चेंडू हातमोज्यात केव्हा आला, हे कसे कळायचे? उत्तर आहे, कानांनी. वेगाने आलेला चेंडू चामड्याच्या हातमोज्यात बसतो तेव्हा ‘थाप्’ असा स्पष्ट आवाज होतो. पंच पाय पाहतो आणि थाप ऐकतो. थाप आधी तर आऊट, पाय आधी तर सेफ. एकाच वेळी दोन ठिकाणी पाहता येत नाही, पण एक ठिकाण पाहता आणि दुसरे ऐकता येते.

आवाजही उशिरा पोचतो, हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो आहोत. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पंच बेसपासून १८ फुटांवर, म्हणजे साडेपाच मीटरवर असेल तर थाप त्याच्या कानी पडायला साधारण ०.०१६ सेकंद लागतात. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या वेळात १३ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडाच जास्त पुढे सरकतो. आता होम प्लेटच्या मागे बसलेल्या प्रेक्षकाचा हिशेब करा. तो बेसपासून किमान २७ मीटर लांब. त्याच्यापर्यंत थाप पोचायला ०.०८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात धावपटू ६० सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे दोन फूट पुढे गेलेला असतो. थाप ऐकू येते तेव्हा पाय बेसवर दिसतो. प्रेक्षक ओरडतो, “सेफ! सेफ!” प्रत्यक्षात चेंडू आधीच हातमोज्यात बसलेला असतो. तो प्रेक्षक खोटे बोलत नसतो. त्याच्या जागेवरून तसेच घडलेले असते.

पण कानांवर सगळा भार टाकता येत नाही. जवळून हळूच दिलेल्या फेकीचा आवाज होत नाही. प्रेक्षकांचा गलका असेल तर मोठी थापही विरून जाते. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण २६ ऑक्टोबर १९८५ चे. अमेरिकेतल्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना कॅन्सस सिटीत चालला होता. सेंट लुईसचा संघ विजेतेपदापासून फक्त तीन बळी दूर होता. शेवटच्या डावात कॅन्सस सिटीच्या होर्हे ओर्टाने जमिनीलगत फटका मारला. जॅक क्लार्कने तो उचलून पहिल्या बेसवर धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे दिला. पंच डॉन डेन्किंजर यांनी ‘सेफ’ दिले. टीव्हीवर पुन्हा पाहताना तो स्पष्ट आऊट दिसत होता. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना ११-० ने जिंकला.

काय झाले ते डेन्किंजर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. वॉरेल उंच, फेकही उंच, त्यामुळे त्याचा हातमोजा आणि पाय दोन्ही एका वेळी दिसेनात. फेक हलकी होती आणि गलका एवढा की थाप ऐकूच आली नाही. डोळ्यांची आणि कानांची वाटणी जिथे मोडते, ती नेमकी ही जागा. त्या निर्णयानंतर त्यांना ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. खेळातल्या एका निर्णयासाठी माणूस एवढ्या टोकाला जाऊ शकतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

आणि मग एक श्वास

पाय, डोळे, कान झाले की नवशिका पंच हात वर करायला उतावळा होतो. इथे एक श्वास थांबायचे. थाप ऐकू आली, पण चेंडू हातमोज्यातून निसटला तर? नुसता लागलेला चेंडू चालत नाही, तो घट्ट धरलेला हवा. म्हणून आधी चेंडू हातात आहे याची खात्री करायची, मगच निर्णय द्यायचा. आऊट असेल तर मूठ वर, सेफ असेल तर दोन्ही हात आडवे पसरून. या खुणांना भाषा लागत नाही. बोरगाव कुठलेही असो, मूठ वर गेली की सगळ्यांना कळते.

दोघे अगदी बरोबर आले तर? ‘बरोबरी झाली तर धावपटूचा फायदा’ असे मैदानावर सर्रास म्हणतात. नियमात बरोबरी हा शब्द नाही. फलंदाजाचा पाय बेसला लागण्याआधी चेंडूसह बेसला स्पर्श झाला तर तो बाद, एवढेच नियम सांगतो. त्यामुळे चेंडू आधी आला असे पंचाला दिसले नाही तर धावपटू बाद ठरत नाही. अनुभवी पंच मात्र बरोबरीची भाषा टाळतात. दोन गोष्टींत एक आधी घडतेच, ती शोधणे हे त्यांचे काम.

इतके करूनही चुकले तर?

२ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गॅलारागा या पिचरने एकामागून एक २६ फलंदाज बाद केले होते. एकही फलंदाज बेसवर पोचला नव्हता. सत्ताविसावा बाद झाला असता तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता. १८८० पासूनच्या १३० वर्षांत मोठ्या लीगमध्ये असे फक्त २० वेळा घडले होते. जेसन डोनाल्डने जमिनीलगत फटका मारला, मिगेल कॅब्रेराने चेंडू उचलून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलारागाकडे फेकला. पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरले : सेफ.

तो आऊट होता. टीव्हीवर साऱ्या अमेरिकेने ते पाहिले. जॉइस काही नवखे पंच नव्हते, वीस वर्षांहून जास्त अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्याच महिन्यात ईएसपीएनने १०० खेळाडूंना सर्वोत्तम पंच कोण असे विचारले, तेव्हा खेळाडूंनी जॉइस यांनाच पहिली पसंती दिली. धावपटू आधी पोचला असे त्या क्षणी त्यांना खरोखरच वाटले होते. सामन्यानंतर त्यांनी चित्रफीत पाहिली आणि चूक झाल्याचे लगेच, सगळ्यांसमोर मान्य केले. गॅलारागाची माफी मागताना त्यांना रडू आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइस होम प्लेटवर पंच होते. डेट्रॉइटच्या संघाची यादी घेऊन त्यांच्याकडे कोण आले? स्वतः गॅलारागा. आदल्या दिवशी निर्णय ऐकून तो नुसता हसला होता. आज त्याने यादी दिली, जॉइस डोळे पुसत होते. निकाल बदलला नाही. तेव्हाचे आयुक्त बड सेलिग यांनी तो बदलायला नकार दिला. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, दोघांच्या नावाने मिळून एक पुस्तक निघाले. त्याचे नावच मुळी ‘परिपूर्ण कोणीच नसतो’ अशा अर्थाचे होते.

या घटनेतून पंचांनी काय शिकायचे? पाय, डोळे, कान सगळे जागेवर असले तरी चूक होण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. म्हणूनच २०१४ पासून तिथल्या मोठ्या लीगने पहिल्या बेसवरच्या निर्णयांनाही टीव्हीची मदत खुली केली. त्याआधी, २००८ पासून, ती फक्त सीमेपलीकडच्या फटक्यांपुरती होती.

हा मार्ग क्रिकेटने त्याहून बराच आधी धरला होता, आणि त्यात पहिले नाव आपल्या सचिनचे आहे. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दर्बानच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सची फेक अँड्र्यू हडसनकडे आली आणि यष्टी उडाल्या. मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांना खात्री नव्हती. त्यांनी निर्णय तिसरे पंच कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. टीव्ही पाहून तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला जगातला पहिला कसोटी फलंदाज म्हणजे सचिन तेंडुलकर, धावा ११. खात्री नसताना ती नाही असे म्हणणे हीसुद्धा पंचाचीच जबाबदारी. ती मिचली यांनी त्या दिवशी पार पाडली.

आपल्या मुलांसाठी

शाळेच्या मैदानावर तिसरा पंच नसतो. तिथे असतात दोन पंच, एक शिट्टी आणि कडेला उभे असलेले आईवडील. म्हणून पायांचे महत्त्व तिथे सर्वात जास्त. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. परदेशी असलेल्या आपल्या नातवंडांनाही शनिवारी-रविवारी हे खेळ खेळावे लागतात, आणि तिथल्या लहान मुलांच्या लीगमध्ये पंच पुष्कळदा कोणाचे तरी वडील किंवा आईच असतात.

पंच होणे हे फक्त मुलांचे काम नाही, हेही सांगायला हवे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या वृंदा राठी, तसेच जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहिल्या. रणजीत असे पहिल्यांदाच घडत होते. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगला पहिली महिला पंच मिळायला ९ ऑगस्ट २०२५ उजाडावे लागले. त्या दिवशी अटलांटात जेन पॉवोल पहिल्यांदा उतरल्या, आणि त्यांची पहिली जागा होती पहिला बेस.

घरातल्या मुलांना हे समजावून सांगायचे असेल तर व्याख्यान देऊ नका, करून दाखवा. अंगणात किंवा मोकळ्या मैदानात एक पोते अंथरा, तोच पहिला बेस. एक मूल धावेल, एक चेंडू फेकेल, एक पोत्यावर पाय ठेवून तो घेईल. टेनिसचा चेंडू चालेल, पण थाप नीट ऐकू यावी म्हणून झेलणाऱ्याच्या हातात जाड हातमोजा द्या. चौथ्या मुलाला पंच करा. दहा वेळा त्याला धावणाऱ्याच्या मागे उभे करून निर्णय द्यायला सांगा. दहा वेळा फेकीशी काटकोनात, १५ फुटांवर, पाय रोवून. प्रत्येक वेळी मोबाइलवर बाजूने, संथ गतीत चित्रण करा आणि शेवटी निर्णय ताडून पाहा. मग जागा बदला. धावणारा पंच होईल, पंच धावेल.

असे एकदा केले की मूल पंचाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. निर्णय विरोधात गेला तर ‘चीटिंग’ असे ओरडण्याआधी त्याच्या मनात येते, पंच कुठे उभा होता? आणि मी कुठून पाहत होतो? हा प्रश्न कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांनीही स्वतःला विचारायला हरकत नाही. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, उत्तर एकच मिळेल : आपण लांब होतो, तो जवळ होता, आणि त्याचे पाय थांबलेले होते.